प्रार्थनेला वेळ नाही : एक जुनी तक्रार

ख्रिस्ती माणसाने रोज प्रार्थना करावी, याबद्दल कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स या तिघांचंही एकमत आहे. इतर बाबतींत या मंडळींचं आपसात किती जमतं हे पाहता ही मोठीच गोष्ट म्हणायची. त्यांचं दुसरं एकमत असं, की त्यासाठी वेळ मिळत नाही. याचा ठराव कुठल्याही धर्मपरिषदेने केलेला नाही. तरी पहिल्यापेक्षा दुसऱ्याचंच पालन अधिक निष्ठेने होतं.

ही तक्रार लोकल, मोबाइल आणि मुलांचे क्लास यांच्यासोबत आली, असा समज आहे. पूर्वी लोकांना वेळच वेळ होता. वसईचा बागायतदार चर्चची घंटा ऐकली की पाटाचं पाणी तसंच सोडून हात जोडायचा, वगैरे. तो हात जोडायचा हे खरंच आहे. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तीनदा चर्चची घंटा होते आणि देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची लहानशी प्रार्थना त्या वेळी म्हणतात. पण यात बागायतदाराच्या भक्तीइतकाच घंटेचाही वाटा होता. सगळं गाव थांबलेलं असताना एकट्यानेच कुदळ मारत राहायला वेगळं धैर्य लागतं. प्रार्थनेच्या इतिहासात घंटेइतकं परिणामकारक साधन दुसरं झालेलं नाही, आणि तिचं काम धर्मावर फारसं अवलंबूनही नाही. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या कितीतरी घंटा मराठे घेऊन गेले. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला. घंटांचा मुक्काम बदलला, धनी बदलला, नोकरी तीच राहिली : लोकांना हातातलं काम सोडायला लावणं.

प्रार्थनेचं वेळापत्रक मात्र वसईच्या घंटांहून फार जुनं आहे. जुन्या करारातला दानीएल बडा सरकारी अधिकारी होता, तरी दिवसातून तीनदा, यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडी ठेवून, गुडघे टेकायचा. त्याची परिणती सिंहांच्या गुहेत झाली, आणि ‘ऑफिसमुळे प्रार्थना होत नाही’ म्हणणारे याच दाखल्यावर बोट ठेवतात. गुहेतून तो सुखरूप बाहेर आला हा भाग ते सांगत नाहीत. पुढे आद्य ख्रिस्ती मंडळीच्या ‘डिडाखे’ नावाच्या छोट्या पुस्तकात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, अशी साधी सूचना आली. साधी सूचना फार दिवस साधी राहत नाही. मठ निघाले, आणि तीनाचे दिवसाकाठी सात झाले. शिवाय मध्यरात्रीनंतर उठून एक.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. हे नियम पवित्र आहेत यात शंका नाही, पण काही प्रकरणं वाचताना लेखकाने शाळेच्या हजेरीपटावर आयुष्य काढलं असावं असं वाटतं. मठवासीयांनी कपड्यांनिशी, कमरेला पट्टा बांधूनच झोपावं, म्हणजे हाक आली की उठून चालू पडता येईल. झोपताना कमरेला चाकू मात्र ठेवू नये, झोपेत लागेल. उठल्यावर एकमेकांना हळूच प्रोत्साहन द्यावं, कारण झोपाळू लोक सबबी सांगतात. रात्रीच्या प्रार्थनेतलं सुरुवातीचं स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावं, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना गाठता येईल. त्यानंतरही जो उशिरा येईल त्याने सगळ्यात शेवटी, सर्वांना दिसेल अशा जागी उभं राहावं. मग त्याला बाहेरच का ठेवू नये? त्यावरही बेनेडिक्ट यांनी विचार केलेला आहे. बाहेर ठेवलं तर तो परत जाऊन झोपेल, नाहीतर तिथेच बसून गप्पा मारेल. ज्यांना बायकामुलं नव्हती, हप्ते नव्हते, आठ-दहाची लोकल नव्हती, ज्यांचा उद्योगच प्रार्थना हा होता, त्यांच्यासाठी हा नियम लिहावा लागला. तेव्हा नालासोपाऱ्याहून अंधेरीला जाणाऱ्या माणसाने स्वतःला फार अपराधी मानण्याचं कारण नाही.

बेनेडिक्ट यांच्याही आधी, चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचे तपस्वी राहत होते. प्रार्थनेला बसलेल्या माणसाचं काय होतं याचं त्यांनी केलेलं वर्णन इतकं नेमकं आहे, की त्यांनी ते कुठल्याशा शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहून लिहिलं की स्वतःकडे पाहून, हे ठरवणं कठीण. त्यांच्या मते सगळ्यात त्रासदायक भूत हे दुपारचं. ते आलं की सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. दिवस पन्नास तासांचा होतो. साधू खिडकीकडे बघतो. मग खोलीबाहेर येऊन सूर्य किती उतरला हे पाहतो, कारण तीन वाजता जेवण असतं. मग एखादा बंधू भेटायला येतोय का, याची चाहूल घेतो. मग ही जागाच बरोबर नाही, हे कामच आपल्याला शोभत नाही, देवाची भक्ती काय कुठेही करता येते, असे विचार सुरू होतात. शेवटी घरच्यांची आठवण येते.

या वर्णनात आज फक्त खिडकीच्या जागी फोन घालायचा. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माणूस खुर्चीत बसतो आणि आजचं वचन वाचायला फोन हातात घेतो. पवित्र शास्त्र त्या फोनमध्येच आहे, ही सोयच घात करते. वचन उघडायच्या आत वरून सोसायटीचा निरोप घसरत येतो : आज पाणी साडेसहालाच जाईल. त्याखाली कुटुंबाच्या ग्रुपवर मामींनी गुलाबाच्या फुलावर छापलेलं वचन पाठवलेलं असतं. त्याला जोडलेले हात पाठवणं भाग आहे, कारण काकांनी पाठवलेत. काकांच्या हातांखाली कुणीतरी ‘सिस्टरच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा’ असं लिहिलेलं असतं. तिथेही जोडलेले हात जातात. इथपर्यंत सहा वाजून बावीस मिनिटं होतात, पाणी भरायचं असतं, आणि माणूस उठतो तो प्रार्थना झाल्याच्या समाधानात. तांत्रिकदृष्ट्या त्याने दोनदा हात जोडलेले असतात.

‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ हे वाक्य मराठी ख्रिस्ती समाजात निरोप घेताना सहज म्हटलं जातं, आणि त्याला ‘नक्की’ हेच उत्तर असतं. अशी जी आश्वासनं एका रविवारी चर्चच्या आवारात वाटली जातात, ती सगळी पाळायची तर सोमवारी रजा टाकावी लागेल. तिथल्या तिथे, चपला घालता घालता, त्या माणसाचं नाव घेऊन दोन वाक्यं देवापुढे बोलून मोकळं होणारे थोडे लोक असतात. बघणाऱ्याला ते विचित्र वाटतात. मात्र त्यांच्यावर बाकी राहत नाही.

वेळ मिळाला तरी मन मिळेलच असं नाही, हे प्रार्थनेचं दुसरं जुनं दुखणं. संत बर्नार्ड यांची एक गोष्ट सांगतात. एका शेतकऱ्याने त्यांना ऐकवलं, की प्रार्थनेत मन विचलित होणारे लोक कसे असतात कोण जाणे, माझं मन तर जरासुद्धा हलत नाही. बर्नार्ड म्हणाले, प्रभूची एक प्रार्थना मन न हलवता म्हणून दाखव, माझं खेचर तुझं. शेतकऱ्याने सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबून विचारलं, खोगिरासकट का? सोळाव्या शतकातल्या आविलाच्या संत तेरेजा तर प्रार्थनेवरच्या मोठ्या अधिकारी. मनाच्या प्रार्थनेविषयी काही शिकायचं तर आजही त्यांच्याकडे जातात. त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणी लिहून ठेवलंय, की कित्येक वर्षं प्रार्थनेच्या तासाला आपलं लक्ष देवापेक्षा घड्याळाच्या ठोक्यांकडे असायचं, कधी एकदा तास संपतो असं व्हायचं. एकोणिसाव्या शतकातली लिस्यूची छोटी तेरेजा प्रार्थनेत चक्क झोपायची. त्यावर तिने काढलेला तोडगा बिनतोड आहे : आईबापांना मूल जागं असताना आवडतं तितकंच झोपलेलं असतानाही आवडतं, आणि डॉक्टरसुद्धा शस्त्रक्रियेआधी रोग्याला झोपवतातच. या तिघांना चर्चने संत केलं. शेतकऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

मार्टिन ल्यूथर यांचा न्हावी पेटर याने हीच अडचण त्यांच्यापुढे मांडली, तेव्हा ल्यूथर यांनी 1535 साली त्याच्यासाठी एक पुस्तिकाच लिहिली. त्यात पहिलाच इशारा आहे तो ‘जरा थांब, तासाभराने करतो, आधी एवढं उरकतो’ या विचाराबद्दल. हा विचार माणसाला प्रार्थनेपासून उचलून कामात नेऊन टाकतो आणि मग दिवसभर परत आणत नाही. पुढे त्यांनी न्हाव्याला त्याच्याच धंद्यातला दाखला दिला : चांगला न्हावी वस्तऱ्यावर आणि केसांवर नजर ठेवतो, बडबड करत इकडेतिकडे पाहू लागला तर गिऱ्हाइकाचं नाक जाईल, नाहीतर गळा. न्हाव्याला समजावण्याची याहून चांगली रीत सापडणं कठीण. दुर्दैवाने त्याच वर्षी, ईस्टरच्या तोंडावर, पेटरने दारूच्या नशेत जावयाला भोसकलं. ल्यूथर यांनी रदबदली केल्यामुळे त्याचा जीव वाचला. पुस्तिका मात्र उत्तम आहे आणि अजून छापली जाते.

आता जागा. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने प्रार्थनेसाठी आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं. गिरगाव-माझगावच्या चाळीत ज्यांनी संसार केले, त्यांना या आज्ञेतला पहिलाच शब्द अडला. खोली एक, तिच्यात सहा माणसं, एक शिलाई मशीन आणि गावाहून आलेला भाचा. दार असतं, पण ते लावलं तर शेजारी काय झालं म्हणून विचारायला येतात. चाळीतून टू बीएचकेत गेल्यावर प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. तिथे खोल्या दोन आणि दारंही दोन, पण दाराआड एकाची ऑनलाइन मीटिंग आणि दुसऱ्याची सीईटी.

याचं उत्तर अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या सुझॅना वेस्ली यांनी शोधून ठेवलं होतं. मेथडिस्ट चळवळीचे जॉन आणि चार्ल्स वेस्ली हे त्यांचे मुलगे. एकूण मुलं एकोणीस झाली, दहा जगली, आणि त्यांना शिकवायचं कामही आईकडेच. अशा घरात एकांत मिळायचा नाही हे ओळखून त्या म्हणे स्वयंपाकाचा ॲप्रन डोक्यावरून पुढे ओढून घ्यायच्या आणि त्याच्या आत प्रार्थना करायच्या. ॲप्रन डोक्यावर असेतो मुलांनी हाक मारायची नाही असा दंडक होता. मराठी ख्रिस्ती बायकांना यात नवीन काही वाटणार नाही. प्रार्थना सुरू झाली की पदर डोक्यावर जातो आणि बाई आहे तिथेच, कुकरच्या शेजारी, खोलीत जाऊन दार लावून घेते. पुरुषांना अशी सोय नाही. म्हणून त्यांना प्रार्थनेसाठी शांत जागा, योग्य वातावरण आणि महाबळेश्वर लागतं.

स्वयंपाकघराचा उल्लेख आलाच आहे तर पॅरिसच्या कार्मेलाइट मठातल्या ब्रदर लॉरेन्स यांना वगळता येत नाही. सतराव्या शतकात हा पायाने अधू माणूस वर्षानुवर्षं मठाच्या मुदपाकखान्यात राबला आणि भांड्यांच्या खणखणाटातही आपण देवापुढेच आहोत, असं मानत गेला. त्यांच्या संभाषणांचं आणि पत्रांचं छोटं पुस्तक आज जगभर वाचतात. ते वाचून पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात, की काम हीच प्रार्थना, तेव्हा वेगळी प्रार्थना नको. लॉरेन्स मठाच्या ठरलेल्या प्रार्थना चुकवत नव्हते, हे त्यांच्या नजरेतून सुटतं. या पुस्तकातलं सगळ्यात दिलासा देणारं दृश्य वेगळंच आहे. लॉरेन्सना मठासाठी दारू खरेदी करायला बर्गंडीला पाठवलं. व्यवहाराची अक्कल नाही, पाय अधू, बोटीवर पिंपंच पिंपं. तेव्हा त्या पिंपांवरून गडगडत, लोळत ते बोटीत इकडून तिकडे जात आणि देवाला सांगत, की हे काम तुझं आहे, तूच बघ. सौदा चांगला झाला असं ते म्हणतात.

कौटुंबिक प्रार्थनेचं शास्त्र वेगळं आहे. वसई, बांद्रा, उत्तनकडच्या कॅथलिक घरात संध्याकाळी रोजरी होते. पाच दशकं, म्हणजे पन्नासांवर नमो मरिये. नीट म्हटली तर पंधरा-वीस मिनिटं. ती आठपर्यंत संपेल अशा बेताने सुरू होते, कारण आठला मालिका असते. पहिलं दशक भक्तिभावाने चालतं. तिसऱ्याच्या सुमारास वेग येतो आणि चौथ्यात शब्द एकमेकांत मिसळतात. पाचव्यात घरातला नातू गुडघ्यांवरून टाचांवर आणि टाचांवरून थेट जमिनीवर उतरतो. पण खरा कस लागतो तो माळ संपल्यावर. आजीच्या पुरवण्या असतात : आजोबांच्या आत्म्यासाठी एक, आखातात गेलेल्या मुलासाठी एक, त्याच्या व्हिसासाठी एक, ज्यांच्यासाठी कुणीच प्रार्थना करत नाही अशा आत्म्यांसाठी एक. मालिकेचं शीर्षकगीत शेजारच्या भिंतीतून ऐकू येतं आणि आजी डोळे मिटूनच आवाज चढवते.

प्रॉटेस्टंट घरात, अहिल्यानगरकडे किंवा पुण्यात, माळ नाही, पण सुटकाही नाही. तिथे आधी गायन. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-भजनाची वाट करून दिली. ‘उपासना संगीता’त त्यांची कितीतरी पदं आहेत, आणि घरोघरी ती तोंडपाठ असतात. गायनानंतर वचन, आणि मग वडीलधाऱ्यांची उत्स्फूर्त प्रार्थना. तिला छापील शेवट नसतो, हाच तिचा मोठेपणा आणि हीच तिची भीती. रात्रभर सांभाळल्याबद्दल उपकारस्तुती, मग मंडळी, पाळकसाहेब, देशाचे अधिकारी, पाऊस, पुण्याचा भाऊ, त्याचा गुडघा. अधूनमधून देवाला माहीत असलेली माहिती इतरांच्या कानांवर घालायचं कामही ही प्रार्थना करते : प्रभू, या घरात काही जण रात्री दीड-दीड वाजेपर्यंत फोन बघतात, त्यांना सुबुद्धी दे. यावर सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं, ज्याच्याबद्दल आहे त्यानेसुद्धा. भाकरी गार होतात, पण त्या आशीर्वादित असतात.

उरली काळजी. वेळेपेक्षा तिचीच तक्रार जास्त खरी आहे, कारण काळजीत माणसाला वेळ असूनही बसवत नाही. मन प्रार्थनेला लावायचं म्हटलं की गृहकर्जाचा हप्ता, वडिलांची साखर आणि मुलाची पर्सेंटाइल ओळीने पुढे येऊन उभी राहतात. त्यांना बाहेर काढून मग शांतपणे प्रार्थना करायची, असा बहुतेकांचा बेत असतो आणि तो बहुतेक वेळा फसतो. स्तोत्रकर्त्यांनी हा बेत कधी केलाच नाही. दीडशे स्तोत्रांपैकी पुष्कळशी सरळसरळ कुरकुरीची आहेत : शत्रू वाढलेत, झोप येत नाही, हाडं कुरकुरतात, देवा, तू आहेस तरी कुठे. हीच स्तोत्रं मठांनी प्रार्थनेच्या वेळांत विभागून गायली. कशाचीही काळजी करू नका, मागणं देवाला कळवा, असं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिणारा पौलही ते तुरुंगातून लिहीत होता. तेव्हा हप्त्याची तारीख हा प्रार्थनेतला व्यत्यय मानण्याऐवजी ती प्रार्थनेतच वाचून दाखवली, तर परंपरेला काही धक्का लागत नाही.

अतिप्रार्थनेचा रोगही असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जिया, आठ मुलांचे वडील, तासन् तास प्रार्थनेत घालवू लागले, तेव्हा येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 1548 साली त्यांना पत्र लिहून प्रार्थनेचा वेळ निम्मा करायला सांगितलं. उरलेला वेळ अभ्यासाला, जहागिरीच्या कारभाराला आणि लोकांशी बोलण्याला द्यावा. हे पत्र आपल्यालाच आलंय असं पुष्कळांना वाटतं. निम्मं करण्यासाठी आधी काहीतरी असावं लागतं. शून्याचं निम्मं शून्यच. इग्नेशियस यांनी आपल्या माणसांना एका गोष्टीत सवलत दिली नाही : दिवसातून दोनदा थांबून, आतापर्यंतचा दिवस कसा गेला हे देवापुढे तपासून पाहणं. कामं कितीही असोत, आजारपण असो, ते टळू नये, अशी त्यांची ताकीद होती.

वसई रोडला सकाळची गाडी पकडणाऱ्यांनी प्रार्थनेला वेळ कुठून आणायचा हा प्रश्न कुठलंही पुस्तक न वाचता सोडवलेला आहे. डब्यात एका टोकाला भजनी मंडळ टाळ काढतं. दुसऱ्या टोकाला खिडकीशी बसलेली बाई पर्समधून छोटी माळ काढते, ओठ हलायला लागतात, आणि भाईंदरच्या खाडीवर कुणी निर्माल्याची पिशवी भिरकावली तरी तिचे मणी थांबत नाहीत. मीरा रोडला गर्दीचा लोंढा आत येतो तेव्हा एक कोपर तिच्या खांद्यावर असतं आणि ती चौथ्या दशकात असते. बोरिवलीच्या आत माळ पुरी होते. मन सगळा वेळ माळेवर होतं का, हे तिला कुणी विचारलेलं नाही, आणि संत तेरेजांचा अनुभव पाहता विचारूही नये.

ज्यांना एवढंही जमत नाही त्यांच्यासाठी डिडाखेची सूचना अजून लागू आहे. प्रार्थना थोडक्यात असावी असं बेनेडिक्ट यांनीही लिहून ठेवलं आहे. प्रभूची प्रार्थना मराठीत सावकाश, श्वास घेत म्हटली तर पाऊण मिनिट लागतं. तीनदा मिळून सव्वादोन मिनिटं. वसई रोडहून सुटलेली गाडी तेवढ्या वेळात नायगावलाही पोचत नाही.